‘मी इथे नक्की कशाला आले?’

प्रिय सिस्टर,

मी वसईची, वय सव्वीस. आमच्या सिस्टरांच्या मंडळाने मला टांझानियात पाठवलं, व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला, बुकोबाजवळच्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये). येऊन दीड वर्ष होत आलं. बी.एड. झालेय, शिकवायला म्हणून आले. प्रत्यक्षात मुलींच्या वसतिगृहाचं कोठार माझ्याकडे आहे. मक्याचं पीठ किती उरलं, घेवड्याला भुंगे लागले का, जळणाची गाडी आली का, वीज रिचार्ज केली का, पंप बंद पडला तर कुणाला बोलवायचं, यातच दिवस जातो.

भाषा चार महिने शिकले, पण बाजारात माझं कुणाला कळत नाही आणि म्हाताऱ्या बायका स्वाहिली सोडून त्यांच्या हाया भाषेतच बोलतात. इथले लोक वेळ पाळत नाहीत. एकदा पालकसभेला चार वाजता बोलावलं, मी चारला गेले तर शाळेला कुलूप. मग कळलं, यांचं घड्याळ सहा तासांनी वेगळं बोलतं. सभा सकाळी दहाची होती.

मुलं मला ‘म्हिंदी’ म्हणून हाक मारतात. एका आजोबांनी तोंडावर विचारलं, गोऱ्या सिस्टर कधी येणार? शेजारची एक बाई मुलीच्या शाळेसाठी पैसे मागायला आली, मी माझ्या खर्चातले पन्नास हजार शिलिंग दिले. पुढच्या आठवड्यात दारात रांग लागली. घरात आम्ही तिघी, थोरल्या सिस्टर इथल्याच आहेत. त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस जेवताना गप्प होत्या. सेवेलाच आलो ना आपण?

वर्षात दोनदा मलेरिया झाला. रात्री बारा-बारापर्यंत बहिणीशी फोनवर बोलते. प्रार्थनेत मन लागत नाही. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, खूश आहेस ना? मी हो म्हणते. मामा हसत विचारतो, तिथली काळी माणसं तुला खात तर नाहीत ना? मीही हसते. डिसेंबरात व्रतांचं नूतनीकरण आहे. माझं पाचारणच, देवाचं बोलावणंच, खोटं होतं का? परत येऊ का?

– स., बुकोबा

*

बाय,

आधी झोप. रात्री बारापर्यंत फोन, पहाटे प्रार्थनेला उठायचं, दिवसभर कोठारात उभं राहायचं आणि त्यात वर्षात दोनदा मलेरिया. अशा अवस्थेत माणसाला स्वतःचं नावसुद्धा खोटं वाटेल, पाचारणाचं काय घेऊन बसलीस! आठवडाभर नऊला फोन बंद करून थोरल्या सिस्टरांच्या कपाटात ठेव. बहिणीला रविवार दे. तिचाही संसार असेल, रोज रात्री तुझं रडं ऐकून तीही थकली असेल, फक्त बोलत नसेल.

तू एका दमात तीन वेगळे प्रश्न विचारलेस. एक, मी दमलेय का? दोन, हा देश, हे काम माझ्यासाठी आहे का? तीन, व्रतस्थ जीवन माझ्यासाठी आहे का? या तिघांची मोट बांधू नकोस. पहिल्याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे: हो, सपशेल दमलीस. उरलेल्या दोन प्रश्नांना दमलेल्या डोक्याने हात घालायचा नसतो.

मी स्वतः म्वान्झाच्या बाजूला, सरोवराच्या दक्षिण काठाला राहिले आहे. तुझ्याकडे केळीच्या बागांतून घरं, आमच्याकडे मोठमोठे खडक आणि कापसाची शेतं. पण कोठार तेच, पंप तोच. म्हणून जरा रोखठोक लिहिते.

वसतिगृहातल्या मुली रोज दुपारी उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि घेवडा खातात, तेव्हा त्या ताटाची जबाबदारी तुझ्यावर असते. याला तू काम म्हणायला तयार नाहीस, कारण मंडळात आपल्याला दाखवलेल्या फोटोंत सिस्टर फळ्यापुढे उभी असते नाहीतर बाळाला टोचत असते. पिठाची पोती मोजणाऱ्या सिस्टरचा फोटो कुणी काढत नाही. तुझ्या जवळच्या काशोझीला १८९२ मध्ये जे ‘व्हाईट फादर’ मिशनरी आले, त्यांच्या मंडळात प्रत्येक ठाण्यावर रोजनिशी ठेवायचा नियमच होता. त्या रोजनिशांत विटा, पाऊस, ताप आणि पेरणी यांनीच पानं भरलेली असतात.

तरीही शिकवायची भूक खरी आहे आणि ती मारू नकोस. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीतून चालते आणि माध्यमिक एकदम इंग्रजीतून. फॉर्म वनमध्ये, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्गात, आलेली पोर पहिले काही महिने वर्गात नुसती बसून असते. फळ्यावरचं उतरवून घेते, कळत काही नाही. तू मराठी माध्यमातली असशील तर कॉलेजचं पहिलं वर्ष आठव. मुख्याध्यापिकेकडे जा आणि आठवड्याला दोन तास माग, फक्त फॉर्म वनच्या कच्च्या मुलींसाठी. तिथे तुझी मोडकी स्वाहिली आड येणार नाही, उलट कामाला येईल. मुली तुझ्या स्वाहिलीला हसतील, तू त्यांच्या इंग्रजीला हसायचं नाहीस, महिन्याभरात दोन्हीकडची भीड मोडेल. कोठारात मदतनीस हवी असेल तर स्वयंपाकिणीला विचार. पोत्यात भुंगा कधी लागतो हे तिला तुझ्यापेक्षा नक्की जास्त कळतं, आणि दिवसभर तिच्याशी बोललीस तर भाषाशाळेतल्या चार महिन्यांत आलं नाही ते येईल.

आता घड्याळ. तू लिहितेस की इथले लोक वेळ पाळत नाहीत, आणि पुढच्याच ओळीत सांगतेस की सभेला सहा तास उशिरा पोचलीस. अगं, त्या दिवशी झाडून सगळे पालक वेळेवर आले होते! दिवस उजाडल्यापासून तास मोजायचे, हा त्यांचा हिशेब आहे आणि विषुववृत्ताजवळ तो अगदी चोख बसतो, कारण सूर्य बाराही महिने साधारण एकाच वेळी उगवतो. मनगटावरच्या घड्याळात काटा आणि आकडा बरोबर समोरासमोर बघितलास की त्यांची वेळ मिळते. अशी एक-एक गोष्ट उलगडत गेली की आपण काढलेली अर्धी अनुमानं गळून पडतात. रस्त्यात भेटलेल्या माणसाची, त्याच्या घराची, कामाची, झोपेची विचारपूस केल्याशिवाय तिथे कुणी कामाचं बोलत नाही, हेही त्यातलंच. आल्या आल्या ‘किल्ली कुठे आहे’ विचारणारी सिस्टर त्यांना उर्मट वाटते. वडीलधाऱ्यांना वाकून ‘शिकामो’ म्हणायला अर्धा मिनिट लागतो. तो वाचवू नकोस.

भाषेबद्दल आणखी एकच सांगते. संत गोन्सालो गार्सियाचा सण वसईत तू लहानपणापासून बघितला असशील. मिरवणूक बघतो, पण तो माणूस तिकडे नक्की कशाच्या जोरावर उभा राहिला हे आपण विसरतो. जपानात तो आधी जेझुइटांबरोबर वावरला, पण त्यांनी त्याला संघात घेतलं नाही म्हणून व्यापाराला लागला. मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ मध्ये तिथले फादर जपानला निघाले तेव्हा त्याला बरोबर घेतलं ते दुभाषा म्हणून, कारण जपानी त्याला येत होतं. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर बोलायला वसईचा हा साधा ब्रदर उभा होता. ज्या वर्षांत तो भाषा शिकला, त्या वर्षांत त्यालाही कुणी पत्राने विचारलं असतं की सध्या काय करतोस, तर सांगण्यासारखं त्याच्याकडे फार काही नसतं.

‘म्हिंदी’ म्हणजे भारतीय. त्या हाकेत शिवी नाही, पण अपेक्षा आहे. पूर्व आफ्रिकेत पिढ्यान् पिढ्या लोकांनी भारतीय माणूस बघितला तो बहुतेक दुकानाच्या गल्ल्यामागे. त्यामुळे भारतीय म्हणजे पैसेवाला, आणि मुसलमान नाहीतर हिंदू. भारतीय बाई क्रूस घालून त्यांच्या जुमुइयात (शेजारच्या घरांच्या प्रार्थनागटात) चटईवर बसते, हे त्यांच्या हिशेबात बसायला वेळ लागणारच. आजोबांचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्या लहानपणी दवाखान्यातली सिस्टर गोरी होती, औषधं तिच्याकडून मिळायची. ते कातडीबद्दल कमी आणि औषधांबद्दल जास्त विचारत असतील. पुढच्या वेळी भेटले की शिकामो म्हण आणि त्या जुन्या सिस्टरांबद्दलच विचार, तासभर बोलत बसतील.

पण मामाच्या विनोदावर हसणं आजपासून बंद. यात मी मवाळ होणार नाही. ज्यांच्या हातचं जेवतेस, ज्यांनी तुला तापात उचलून दवाखान्यात नेलं असेल, त्यांच्याबद्दल ‘खातात का’ हे ऐकून हसायचं असेल तर तिथे राहू नकोस. भांडू नकोस, सरळ सांग: मामा, असं बोलायचं नाही. तो गप्प बसेल, आई विषय बदलेल, संपलं.

आता पैशांचं. तुझ्या सगळ्या पत्रात मला हीच गाठ सगळ्यात अवघड वाटली.

आपण दारिद्र्याचं व्रत घेतलं, आपल्या नावावर दमडी नाही, हे खरं. पण फाटकाबाहेर उभं राहून तुमच्या घराकडे बघ. पक्क्या भिंती, पावसाचं पाणी साठवणारी टाकी, छपरावर सोलर, अंगणात पिकअप. आजारी पडलीस तर मंडळ खर्च करतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, तुला परतीचं तिकीट मिळू शकतं. दारात आलेल्या त्या बाईकडे यातलं एकही नाही. तिने तुला श्रीमंत समजलं यात तिचं काय चुकलं?

पन्नास हजार शिलिंग म्हणजे आपले दीड-दोन हजार रुपये. रक्कम मोठी नाही, द्यायची रीत चुकली. थोरल्या सिस्टर का गप्प झाल्या, याचा मी लावलेला अर्थ सांगते. तू परदेशी आहेस, आज ना उद्या जाशील. त्या तिथल्या आहेत, त्यांचे भाऊबंद त्याच डोंगरात राहतात. पुढच्या आठवड्यात आलेल्या रांगेला ‘नाही’ कुणी सांगितलं? तू नसशील सांगितलं, भाषाही नव्हती. तू दिलदार ठरलीस आणि नकार द्यायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. ‘आपली माणूस असून अडवते’ हा बोल त्यांनी ऐकला असेल. संध्याकाळी त्यांच्याजवळ बस आणि एवढंच विचार की इथे मदत कशी करतात ते मला शिकवाल का. आपली बाजू मांडत बसू नकोस.

त्या बहुतेक तुला जुमुइयाकडे बोट दाखवतील. शेजारच्या दहा-पंधरा घरांचा तो गट आठवड्याला एकेका घरी जमतो. पूर्व आफ्रिकेतल्या बिशपांनी १९७० च्या दशकात चर्चचा पायाच या छोट्या गटांवर ठेवायचं ठरवलं, आणि प्रार्थनेइतकंच तिथे कुणाकडे चूल पेटली नाही याचं बोलणं होतं. वहीत नावं लिहून वर्गणी काढतात. मयत झालं की शेजारणी लाकडं, पाणी, केळी घेऊन येतात आणि काही दिवस तिथेच राहतात. या वहीत तुमच्या घराचंही नाव असावं, आणि शेजारी देतात तेवढीच रक्कम त्यापुढे असावी. जास्त नाही. कुणी एकट्याने दारात आलं तर ऐकून घे, पाणी दे, बसव, आणि सांग की हे आपण जुमुइयात ठेवू. खरी गरजू बाई याला हरकत घेणार नाही, कारण तिची स्थिती तिथे सगळ्यांना ठाऊक असते.

शाळेसाठी मागितले तर नेमके कशाला ते विचार. २०१६ पासून सरकारी शाळांत फॉर्म फोरपर्यंत फी नाही. खर्च असतो तो गणवेशाचा, वह्यांचा, वसतिगृहाचा, दुपारच्या जेवणाचा. गणवेश असेल तर शिंप्याला द्यायचे, जेवण असेल तर शाळेला, पावती घेऊन आणि घरातल्या तिघींनी मिळून ठरवून. हातात रोख कधीच नाही. तुला हे कोरडं वाटेल. पण त्या बाईला शेजारणींपुढे मान वर करून चालायचं असतं, आणि म्हिंदी सिस्टरने गुपचूप दिलेल्या नोटा कधीच गुपचूप राहत नाहीत.

देत सुटलीस, पण त्यांच्याकडून काही घेतलंस का? तुझ्या पत्रात ते कुठे दिसलं नाही. नोव्हेंबरचा पाऊस लागला की तुमच्याकडे सेनेने येतात, ते हिरवे लांब नाकतोडे. रात्री बुकोबात मोठे दिवे लावून, पत्रे उभे करून ते धरतात आणि दुसऱ्या दिवशी घराघरांत बायका सूप पुढ्यात घेऊन बसलेल्या असतात. एकीकडे पंख, एकीकडे पाय, मधे साफ केलेला ढीग. बोटं चालतात त्याच्या दुप्पट तोंडं. आपल्याकडे उन्हाळ्यात जवळा निवडायला बसतात ना, तोच कारभार. त्या घोळक्यात जाऊन बस. पहिले दहा-बारा तुझ्या हातात चिरडतील, त्या खो खो हसतील, मग एखादी तुझी बोटं धरून दाखवेल. पंख ओढायचे पाठीकडून, एका झटक्यात. तळल्यावर खाल्लेच पाहिजेत असं नाही (मी खाते, मिठात कुरकुरीत छान लागतात), पण निवडायला बसलीस तर हाया भाषेतल्या म्हाताऱ्यांशी मैत्री आपोआप होईल. कुणी कॉफीच्या सुकवलेल्या बिया चघळायला पुढे केल्या तर दोन उचल, तो त्यांचा पाहुणचार आहे.

प्रार्थनेत मन लागत नाही म्हणतेस. कसं लागेल? सकाळ-संध्याकाळ तू स्वाहिलीत प्रार्थना म्हणतेस, म्हणजे अजून तरी तो तुझा भाषेचा तास आहे. तो चालू ठेव, तुम्ही तिघींनी एकत्र असायला हवं. पण दिवसाची पंधरा मिनिटं बाजूला काढ, केळीत जा आणि रोझरी आपल्या मराठीत म्हण, घरी आपली कादोडी बोली बोलत असाल तर कादोडीत. मोठ्याने. वाटलं तर देवाशी भांड. घरच्या भाषेशिवाय भांडता येत नाही.

तापाबाबत मात्र लाड नाहीत. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, दोन दिवसांत माणूस गंभीर होतो. ताप आला त्याच दिवशी रक्त तपास. क्रोसिन घेऊन ‘उद्या बघू’ नाही. गोळ्यांचा कोर्स बरं वाटलं तरी पुरा करायचा, आणि मच्छरदाणी रोज, खूप उकडलं तरी. दुसरं, मनाच्या तापाचं. झोप सुधारून, फोन कमी करूनही दोन आठवडे रोज रडू येत असेल, अन्न नको वाटत असेल, ‘आपण नसतो तर बरं’ असं मनात येत असेल, तर ते पाचारणाचं संकट समजून प्रार्थनेने ढकलू नकोस. तो आजार आहे. सुपिरियरना त्याच दिवशी सांग, बोटीने म्वान्झाच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागलं तरी जा. घरी पाठवलं तर ये. आजारी सिस्टरने परत येण्यात लाज नाही.

आईला खरं सांग, पण शिळं करून. मलेरिया झाला होता, आता बरी आहे, ही बातमी आई पचवते. ‘खूश आहे’ हे मात्र तिने एकदाही खरं मानलेलं नाही. चेहऱ्याकडे बघत बोलते ना ती? उगाच दोघींनी नाटक करू नका.

राहिलं डिसेंबर. तात्पुरती व्रतं चर्चने मुद्दाम तात्पुरती ठेवली आहेत. कायद्याने किमान तीन वर्षं, सहसा सहापर्यंत, म्हणजे विचार करायला जागा राहावी. मुदत संपल्यावर नूतनीकरण न करणं हे पाप नाही आणि पळून जाणंही नाही. पण आत्ता लगेच ठरवू नकोस. मामाचा राग, पावसातले ओले कपडे, गेल्या तापाचा अशक्तपणा, यातलं थोडं ओसरू दे. मग प्रोव्हिन्शियलना (मंडळाच्या प्रांतप्रमुखांना) दोन वेगळी पत्रं लिही. एकात देशाबद्दल आणि कामाबद्दल: मला काय झेपतं, काय नाही, शिकवायचे तास मिळतील का. दुसऱ्यात व्रतांबद्दल. एका पत्राचं उत्तर ‘भारतात परत ये’ असं आलं तरी दुसऱ्याचं ‘नूतनीकरण कर’ असं असू शकतं, किंवा याच्या बरोबर उलट. व्हाईट फादर्सचे संस्थापक लाव्हिजरी यांनी एका ठाण्यावर तिघांपेक्षा कमी माणसं ठेवायचीच नाहीत असा दंडक घातला होता. तुम्हीही तिघी आहात. ही पत्रं पाठवायच्या आधी त्यांच्यापैकी एकीला तरी वाचून दाखव, शक्यतो थोरल्या सिस्टरांना.

आणि परत यायचं ठरलंच तर बुकोबाहून बहुतेक मुतुकुलाची सीमा ओलांडून युगांडातून, एन्टेबेहून विमान घेशील. तेव्हा यलो फीवरचं कार्ड पासपोर्टला रबरबँड लावून ठेव. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये बसवतात, आणि सुकेळ्यांचा डबा घेऊन आलेली आई बाहेर त्या अधिकाऱ्यांशी वाद घालत उभी राहील.

– तुझी सिस्टर